गाडी गरम झाली की चालता चालता इंजिन एकदम बंद, थंड झाली की परत चालू. कारण काय असेल?

मयेची_लेक

नमस्कार सगळ्यांना. जरा लांबलचक लिहितेय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला काही सांगता येणार नाही म्हणून.

गाडी २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, मॅन्युअल गियर. सकाळी डिचोलीहून पणजीला ऑफिसला जाते तेव्हा काहीच त्रास नाही, पहिल्या सेल्फला स्टार्ट. त्रास संध्याकाळी परत येताना, तोही पर्वरीच्या ट्रॅफिकमध्ये दहा-वीसच्या स्पीडने रखडत चाललेली असताना. गाडी खोकत नाही, झटके देत नाही, एकदम बंद होते. सेल्फ मारला तर इंजिन फिरतं पण पकडत नाही. पंधरा-वीस मिनिटं बाजूला लावून थांबलं की काही झालंच नाही अशी चालू होते आणि घरापर्यंत येते.

मागच्या आठवड्यात बाबांना बेळगावला डॉक्टरकडे न्यायचं होतं, केरी सोडून चोर्ला घाट चढायला लागलो आणि वळणावरच बंद पडली, मागे भरलेला ट्रक. तेव्हापासून मला गाडीची भीतीच बसलीय खरं सांगायचं तर.

गॅरेजमध्ये आतापर्यंत प्लग बदलले, थ्रॉटल बॉडी साफ केली, एअर फिल्टर नवा घातला. फरक शून्य. आता म्हणतात की फ्युएल पंप गेलाय, टाकीतला पूर्ण सेट बदलावा लागेल. खर्च बराच आहे. चेक इंजिनचा दिवा पेटत नाही. पंप बदलू का? आणि कोणी मला सोप्या भाषेत सांगेल का की चांगलं चालणारं इंजिन असं अचानक बंद पडतंच कशामुळे? गॅरेजमध्ये विचारलं की नुसतं "होतं असं मॅडम" एवढंच उत्तर मिळतं.

फोंडा_सर्कल

ताई आधी बॅटरीचे टर्मिनल बघून घ्या, फुकटातलं काम आहे. आपल्याकडची हवा खारट आणि दमट, त्यात पावसाचे चार महिने, टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशीसारखी गंज धरते आणि वरून घट्ट दिसलं तरी आत पकड नसते. गरम पाणी आणि खायचा सोडा घालून घासा, सुकवून घट्ट करा आणि वरून व्हॅसलीन लावा. बॉनेट उघडलंच आहे तर वायरी उंदरांनी कुरतडल्यात का तेही बघा, पावसात हे प्राणी इंजिनच्या उबेला येऊन बसतात.

मेस्त_म्हापसा

बाय, टर्मिनल बघायला हरकत नाही पण तुझी तक्रार त्यातली वाटत नाही. टर्मिनल सुटलं असतं तर सेल्फ फिरलाच नसता, मीटरसकट सगळं काळं झालं असतं. तुझा सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरीत दम आहे.

पंपाला अजून हो म्हणू नकोस. का ते सांगतो, पण आधी इंजिन बंद का पडतं ते सांगतो, तू तेच विचारलंयस आणि ते कळलं की गॅरेजवाल्याशी बोलणं सोपं जातं.

चार स्ट्रोकच्या, म्हणजे पिस्टनच्या चार खेपांच्या, इंजिनात जोर देणारा स्ट्रोक एकच. हवा ओढणं, ती दाबणं आणि धूर बाहेर फेकणं हे बाकीचे तीन जोर खातात. ते तीन पार पडतात फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकाच्या, वजनावर, दळायचं दगडी जातं एकदा फिरायला लागलं की हात जरा सैल सोडला तरी पुढचा फेरा ओढून नेतं तसं. आयडलला, म्हणजे रेस न देता, इंजिन साधारण ८०० आरपीएमवर असतं, म्हणजे चार सिलिंडर मिळून सेकंदाला २६-२७ वेळा आत पेट्रोल पेटतं. हे पेटणं थोडं जरी चुकलं आणि तेव्हाच वरून एसीचा कॉम्प्रेसर, अल्टरनेटर यांचं ओझं असलं तर फ्लायव्हीलची पुंजी संपते आणि इंजिन बसतं. इलेक्ट्रिक मोटर शून्यावरूनही जोर लावते, पेट्रोल इंजिनाला ते जमत नाही. ते फिरत असलं तरच फिरत राहतं. म्हणून रेस कमी असताना, सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये हा रोग जास्त दिसतो, ८० च्या स्पीडला तेवढीच खोट लपून जाते.

आता पेटायला काय लागतं? वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल या हिशोबाचं मिश्रण, आणि योग्य क्षणी ठिणगी. मिश्रण बिघडतं ते कुठे व्हॅक्यूमचा पाइप फाटून जास्तीची हवा आत गेली, थ्रॉटलला कार्बन धरून आयडलची हवा कमी पडली, पंपाचं प्रेशर पडलं किंवा फिल्टर चोंदला की. ठिणगी जाते ती प्लग, कॉइल, वायरिंग किंवा ज्या सेन्सरवर ठिणगीची वेळ ठरते त्याच्यामुळे.

आणि बाय, इंजिन कसं मरतं यावरून अर्धा निदान होतं. पेट्रोल कमी पडून मरणारं इंजिन मरताना सांगून मरतं. आधी पिकप जातो, चढावर ओढत नाही, झटके देतं, मिसिंग करतं, मग बंद. तुझं इंजिन तसं करत नाही, कोणी स्विच मारल्यासारखं जातं. हे विजेच्या बाजूचं लक्षण.

गरम झाल्यावर जाणं आणि थंड झाल्यावर परत येणं याच्यात माझा पहिला संशय क्रँक सेन्सरवर. क्रँकशाफ्टबरोबर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतात त्या दांड्याबरोबर, दातांची एक चकती फिरते, सेन्सर ते दात मोजतो आणि ईसीएमला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, सांगतो की पिस्टन आत्ता कुठे आहे. बऱ्याच गाड्यांत हा सेन्सर म्हणजे आत बारीक तांब्याच्या तारेची गुंडाळी असते. वर्षानुवर्षं गरम-थंड होऊन ती तार आत कुठेतरी चिरते. थंड असताना चिकटलेली, गरम होऊन पसरली की तुटली. सिग्नल गेला की ईसीएमच्या हिशोबाने इंजिन फिरतच नाही, म्हणून तो ठिणगी बंद करतो, इंजेक्टर बंद करतो आणि आगीची भीती म्हणून पंपसुद्धा बंद करतो. ही ओळ तुझ्या गॅरेजवाल्याला मुद्दाम वाचून दाखव. गाडी बंद पडलेली असताना कोणी सेल्फ मारत पेट्रोलचं प्रेशर मोजलं तर ते कमीच दिसणार आणि माणूस म्हणणार पंप गेला. पंप धड असतो, त्याला चालू राहायचा हुकूमच येत नसतो.

पुढच्या वेळी बंद पडली की एवढं बघून ठेव. गाडी गियरमध्ये अजून घरंगळत असताना आरपीएमचा काटा लगेच शून्यावर पडला की हळूहळू उतरला. मग गाडी बाजूला घेतल्यावर सेल्फ मारताना तो काटा थोडा हलतो का. आणि चावी बंद करून परत ऑन कर, सेल्फ न मारता, मागच्या सीटखालून दोनेक सेकंद घूंऽऽ असा आवाज येतो का ऐक. काच बंद, पंखा बंद, रेडिओ बंद करून ऐकायचं.

पेडणेकार

मेस्तांनी छान समजावलंय, पण माझ्या मते पेट्रोलकडे दुर्लक्ष करू नका. २०२३ पासून ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, यायला लागलं आणि आता सगळीकडे तेच मिळतं. २०१४ च्या गाड्या ई२० धरून बनवलेल्या नाहीत. इथेनॉल पाणी ओढतं, आपल्याकडे पावसात हवेत पाणीच पाणी, टाकीत पाणी जमून इंजिन बंद पडणं यात नवल काय? ताई, टाकी एकदा खाली करून घ्या असं मी म्हणेन.

मेस्त_म्हापसा

पेडणेकार बाब, मुद्दा बरोबर आहे पण या गाडीला लागू होत नाही असं मला वाटतं. इथेनॉल पाणी स्वतःत विरघळवून घेतं आणि थोडं पाणी असलं तर ते पेट्रोलबरोबर जळूनही जातं. पाणी ठराविक प्रमाणाच्या वर गेलं की मग इथेनॉल आणि पाणी दोघं मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी बसतात, आणि पंप तळातूनच ओढतो. तसं झालं तर गाडी सकाळी थंड असतानाच सर्वात जास्त रडवेल, रात्रभर ते सगळं तळाला बसलेलं असतं. हिची सकाळी एका सेल्फला चालू होते. शिवाय पाण्याने बंद पडलेली गाडी वीस मिनिटं उभी केली म्हणून बरी होत नाही.

जुन्या गाड्यांत इथेनॉलमुळे रबरी पाइप आणि सील लवकर जातात हे खरं आहे, ते वर्षाकाठी बघून घ्यावेत. आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नये, वरच्या मोकळ्या जागेत दमट हवा भरते.

पंपाबद्दल एक राहिलं, इथले बरेच लोक रिझर्व्हच्या दिव्यावर गाडी चालवतात. टाकीतला पंप पेट्रोलातच बुडून थंड राहतो. पेट्रोल कायम तळाला असलं तर पंप गरम होत राहतो आणि त्याचं आयुष्य कमी होतं. चोर्ल्यासारख्या चढावर तर तेवढंसं पेट्रोल टाकीच्या मागच्या बाजूला सरकतं, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि इंजिन बसतं. बाय, घाटात तुझ्या टाकीत किती होतं?

मयेची_लेक

मेस्त, घाटात जायच्या आधी साखळीच्या पंपावर टाकी फुल केली होती, त्यामुळे ते नाही. आणि तुम्ही सांगितलंत ते सगळं बघायला मिळालं, काल परत बंद पडली. म्हापशाच्या बाजारात जरा सामान घ्यायला गाडी बंद करून गेले, दहा मिनिटांत परत आले, चालू झाली आणि कोपऱ्यावर वळेपर्यंत गेली. गाडी सेकंड गियरमध्ये अजून चालत होती तरी काटा धपकन शून्यावर. सेल्फ मारताना काटा जागचा हलला नाही. चावी ऑन केल्यावर मागून आवाज आला, दोन सेकंद, स्पष्ट. भाऊ बरोबर होता त्यानेही ऐकला.

एक कळलं नाही, गाडी तर मी बंद करून ठेवली होती, मग ती थंड व्हायला हवी ना? उलट लगेच बंद कशी पडली?

मेस्त_म्हापसा

बाय, बंद केल्यावर पहिली काही मिनिटं बॉनेटखालची गरमी वाढते. चालत्या गाडीत वारा लागत असतो, रेडिएटरचं पाणी फिरत असतं. इंजिन बंद केलंस की दोन्ही थांबतं, पण ब्लॉक तापलेलाच असतो, ती गरमी सेन्सरपर्यंत झिरपते. म्हणून बाजारात दहा मिनिटं थांबून निघालेली गाडी सर्वात वाईट वेळी निघालेली असते. अर्ध्या-पाऊण तासाने निघाली असतीस तर कदाचित घरापर्यंत गेली असती.

तू जे बघितलंस त्यावरून पंप बाजूला ठेव. आता स्कॅनर लावायला सांग. चेकचा दिवा पेटला नाही म्हणजे ईसीएमला काही कळलं नाही असं नव्हे, एकदाच होऊन गेलेली चूक पेंडिंगमध्ये लिहिलेली असते, ती स्कॅनरवरच दिसते. पी०३३५ किंवा त्याच्या आसपासचा कोड दिसला तर क्रँक सेन्सरचं सर्किट. कोड नाही दिसला तर लाइव्ह डेटा लावून इंजिन तापू दे आणि आरपीएमवर नजर ठेव.

पण सेन्सर बदलायच्या आधी त्याचा कपलर, म्हणजे वायर जोडायचा सॉकेट, उघडून बघायला सांग. सेन्सर इंजिनच्या खालच्या बाजूला असतो, रस्त्यावरचं पाणी-चिखल सगळं तिथे उडतं. कपलरच्या पिना हिरव्या पडल्या असतील, वायर कुठे घासली असेल, तर नवा सेन्सर घालूनही गाडी परत बंद पडणार आणि तू सेन्सरलाही शिव्या घालशील. सेन्सर गरम असताना मल्टिमीटर लावला आणि सर्किट ओपन दाखवलं, थंड झाल्यावर परत आकडा आला, की शंकाच उरत नाही.

वास्को_डिझेल

मेस्त, सेल्फ फिरतो पण पकडत नाही आणि चावीचा दिवा मीटरमध्ये लुकलुकतो असं असलं तर? माझ्या मेहुण्याच्या गाडीला होतंय, चालू होते आणि एक-दोन सेकंदात बंद.

मेस्त_म्हापसा

तो इमोबिलायझर. चावीतली चिप ओळखू आली नाही की पेट्रोल तोडतो. दुसरी चावी लावून बघा. दोन चाव्या किंवा रिमोट एकाच जुडग्यात जवळ जवळ असतील तर त्याही वेगळ्या करून बघा.

फोंडा_सर्कल

ताई, कारण सापडेपर्यंत गाडी घेऊन पुलावर किंवा घाटात जाऊ नका ही विनंती. आणि जावंच लागलं तर हे बाबांना आणि भावालाही सांगून ठेवा, कारण इंजिन बंद पडण्यापेक्षा त्यानंतरच्या दहा सेकंदांत माणूस घाबरून जे करतो त्याने अपघात होतात.

इंजिन गेलं की ब्रेकला मदत करणारा व्हॅक्यूम बनणं थांबतं. बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच असतो. म्हणून ब्रेक पंप करायचा नाही, एकदाच जोर लावून दाबून धरायचा. तो संपला तरी ब्रेक लागतो, फक्त पाय खूप जोरात दाबावा लागतो. स्टिअरिंगही जड होऊ शकतं, दोन्ही हातांनी धरायचं. चालत्या गाडीत चावी काढायची नाही, स्टिअरिंग लॉक होईल. क्लच दाबून, हॅझर्ड लावून, जेवढा वेग शिल्लक आहे तेवढ्यात डावीकडे घ्यायचं. पणजीच्या अटल सेतूवर असं झालं तर उतरून बॉनेट उघडत बसू नका, शक्य असेल तर गाडीतली माणसं कठड्याच्या बाजूला काढा आणि ११२ ला फोन करा.

घाटात चढावर थांबलात तर हँडब्रेक, फर्स्ट गियर आणि मागच्या चाकाला दगड, तिन्ही. त्रिकोण गाडीला चिकटून ठेवून उपयोग नाही, वळणाच्या अलीकडे, खालून येणाऱ्या ट्रकवाल्याला वळायच्या आधी दिसेल असा ठेवायचा. आणि निघताना तो दगड रस्त्यातून उचलून कडेला टाका, रात्री बाइकवाला त्याच्यावर जातो.

काणकोण_रायडर

यात एक माझीही भर घालतो. पावसात पाणी भरलेल्या रस्त्यातून जाताना इंजिन बंद पडलं तर परत सेल्फ मारू नका, कितीही घाई असली तरी. एअर फिल्टरच्या वाटेने पाणी सिलिंडरमध्ये गेलेलं असू शकतं, पाणी दाबलं जात नाही, सेल्फच्या जोराने कनेक्टिंग रॉड वाकतो आणि मग इंजिनच उघडावं लागतं. सरळ टोचन करून न्या. माझ्या ओळखीत एकाने पुरात अडकून सेल्फ मारत ठेवला आणि इन्शुरन्सवालेही लगेच मानेनात, कारण पाणी जाणं वेगळं आणि पाणी गेल्यावर मारलेला सेल्फ वेगळा असं ते धरतात. इंजिन प्रोटेक्टचं ॲड-ऑन आहे का ते पॉलिसीत बघून ठेवा.

मयेची_लेक

देव बरें करूं सगळ्यांना. मेस्त, स्कॅनर लावून घेतला, पेंडिंगमध्ये पी०३३५ होता. मी तुमचं लिहिलेलं वाचूनच दाखवलं त्यांना, आधी जरा तोंड वाकडं केलं पण मग गाडी रॅम्पवर घेऊन कपलर उघडला. पिना ठीक होत्या. सेन्सर गरम असताना मीटर लावला तर काहीच नाही, तासाभराने आकडा आला. सेन्सर बदलला, पंपाच्या किमतीपुढे त्याची किंमत काहीच नाही. नंतर मुद्दाम दुपारच्या उन्हात पर्वरीच्या ट्रॅफिकमधून नेली, म्हापशाला थांबवून दहा मिनिटांनी परत चालू केली. अजून तरी बंद पडलेली नाही. पुढच्या आठवड्यात बाबांना परत न्यायचंय, तेव्हा घाटात कळेल.

गॅरेजमधला पोरगा म्हणाला की कॅम सेन्सरही (कॅमशाफ्टची जागा सांगणारा) त्याच वयाचा आहे, तोही बदलून घ्या. घ्यावा का?

मेस्त_म्हापसा

नको. तक्रार नाही, कोड नाही, तर हात लावायचा नाही. पुढे कधी सकाळी जास्त वेळ सेल्फ मारावा लागायला लागला तर तेव्हा बघू. नवा सेन्सर कंपनीचाच घातलाय ना तेवढं बिलावर बघून घे, बाजारात स्वस्तातले मिळतात ते आपल्या गरमीत फार टिकत नाहीत. घाटात जाताना जुना सेन्सर गाडीत ठेवू नकोस, नाहीतर कोणीतरी तोच परत लावेल.

पेडणेकार

मेस्त, मानलं. आता माझंही सांगा. माझी गाडी पेट्रोल भरून पंपावरून निघताना हमखास बंद पडते, दोन-तीनदा रेस देऊन सेल्फ मारावा लागतो, मग पुढच्या वेळी भरेपर्यंत काही नाही. म्हणून तर मी पेट्रोलवर एवढा भरवसा ठेवत नाही.

मेस्त_म्हापसा

बाब, ते पेट्रोल नव्हे, पर्ज व्हॉल्व्ह. टाकीतली पेट्रोलची वाफ हवेत जाऊ नये म्हणून कोळशाच्या डब्यात साठवतात आणि इंजिन चालू असताना हा व्हॉल्व्ह थोडी थोडी आत सोडतो. तो उघडा अडकला की टाकी भरताना ढकलली गेलेली सगळी वाफ स्टार्ट करताना एकदम इंजिनात शिरते, मिश्रण नको तेवढं घट्ट होतं आणि इंजिन गुदमरतं. इंजिन थंड असताना चालू करा, डब्याकडून व्हॉल्व्हला येणारा पाइप व्हॉल्व्हपाशी काढा आणि व्हॉल्व्हच्या त्या तोंडावर बोट ठेवा. आयडलला ओढ लागत असेल तर व्हॉल्व्ह गेला. आणि पंपावर नोझल एकदा कट झालं की "राउंड फिगर करा" म्हणून वर पेट्रोल घालून घेऊ नका, ते पातळ पेट्रोल त्या कोळशाच्या डब्यात जातं आणि व्हॉल्व्हबरोबर डबाही बदलावा लागतो.